स्वतःची संस्था, स्वतःचा कारभार

प्रस्तावना

रायपूर शहराचा सर्वांत जुना भाग पुरानी बस्ती या नावाने ओळखला जातो. महामाया देवीचे मंदिर, दूधाधारी मठ, त्यांच्याभोवती वाढत गेलेल्या अरुंद गल्ल्या आणि रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच असलेली जुनी घरे, असे या वस्तीचे रूप आहे. छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, तेव्हापासून रायपुरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. म्हणून हिंदी आणि छत्तीसगढी यांच्याबरोबर मराठीही या शहरात ऐकू येते. अशा जुन्या वस्तीतून चाकाच्या खुर्चीवरून, कुबड्या घेऊन किंवा पांढऱ्या काठीच्या आधाराने जाणे सोपे नसते. पायरीची अडचण निदान डोळ्यांना दिसते. दुसरी एक अडचण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अपंग व्यक्तींविषयीचे निर्णय ज्या बैठकीत होतात, त्या बैठकीत अपंग व्यक्ती स्वतः बसलेल्या नसतात. प्रस्तुत पाठ या दुसऱ्या अडचणीविषयी आहे.

हा पाठ अभ्यासल्यानंतर अपंगांसाठी चालविलेली संस्था आणि अपंगांनी चालविलेली संस्था यांतील भेद तुम्हांला स्पष्ट करता येईल. संस्थेची क्षमता म्हणजे काय, हे उदाहरणांसह सांगता येईल. तसेच विनवणीचे पत्र आणि हक्काचे निवेदन यांच्या भाषेतील फरक ओळखता येईल.

‘साठी’ आणि ‘ची’

मराठी व्याकरणात ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय हेतू दाखविते, तर ‘चा-ची-चे’ हा षष्ठीचा प्रत्यय मालकी किंवा संबंध दाखवितो. ‘अपंगांसाठी संस्था’ आणि ‘अपंगांची संस्था’ या दोन शब्दसमूहांत एवढाच लहानसा फरक आहे. व्यवहारात मात्र तो फार मोठा ठरतो. पहिल्या प्रकारच्या संस्थेत देणारे एका बाजूला आणि घेणारे दुसऱ्या बाजूला असतात. इमारत कोठे बांधावी, शिलाई शिकवावी की संगणक, देणगी कशावर खर्च करावी, हे देणारे ठरवितात. दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि बहुसंख्य सभासद स्वतः अपंग असतात आणि निर्णय त्यांचे असतात. चुकला तर तोही त्यांचाच असतो.

पहिल्या प्रकारच्या संस्थांनी मोठे काम केलेले आहे, हे विसरता येणार नाही. अंध मुलांच्या शाळा, कर्णबधिरांची विद्यालये, कुष्ठरुग्णांच्या वसाहती यांचा आपल्या देशातील इतिहास अशा संस्थांनीच घडविला. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन उभे राहिले. तेथे कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसांनी विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग चालविले. समाजाने टाकून दिलेल्या माणसाला भिक्षेपेक्षा काम हवे असते, हे आनंदवनाने दाखवून दिले. तरीही काम मिळणे आणि कारभार हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील दुसरीची मागणी पुढे आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

शब्दांविषयीही येथे थोडे सांगितले पाहिजे. जुन्या मराठीत आंधळा, पांगळा, बहिरा असे उघड शब्द होते आणि ते हेटाळणीसाठीही वापरले जात. पुढे ‘अपंग’ आणि ‘विकलांग’ हे शब्द कायद्यात व सरकारी कागदपत्रांत रूढ झाले. डिसेंबर २०१५ पासून ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात आला आणि २०१६ च्या कायद्याच्या मराठी नावातही तो योजला जातो. काही अपंग कार्यकर्त्यांना तो सन्मानाचा वाटतो. दिव्यत्वाच्या या पदवीऐवजी उतरंड असलेली पायरी मिळाली असती तर बरे झाले असते, असे इतर काहींचे मत आहे. या पाठात ज्या काळाविषयी लिहिले आहे, त्या काळातील शब्द वापरला आहे.

विनिपेग ते दिल्ली

१९८० साली कॅनडातील विनिपेग या शहरात अपंगांच्या पुनर्वसनाविषयी एक जागतिक परिषद भरली होती. डॉक्टर, समाजसेवक, अधिकारी असे अनेक देशांतील तज्ज्ञ तेथे जमले. अपंग प्रतिनिधीही होते, पण थोडे. परिषदेच्या प्रतिनिधींपैकी निम्मे स्वतः अपंग असावेत, असा प्रस्ताव मांडण्यात आला आणि तो फेटाळण्यात आला. तेव्हा वेगवेगळ्या देशांतून आलेल्या अपंग प्रतिनिधींनी वेगळी बैठक घेतली व स्वतःची जागतिक संघटना काढण्याचे ठरविले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात, सिंगापूर येथे तिचे पहिले अधिवेशन झाले. आमच्याविषयी काही ठरवायचे असेल तर आम्हांला वगळून ठरवू नका, या अर्थाची घोषणा पुढील काळात जगभर पोहोचली.

भारतातही ही जाणीव बाहेरून आयात झालेली नव्हती. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही अंध व्यक्तींनी स्वतः चालविलेली संघटना १९७० साली स्थापन झाली होती. १९८० च्या मार्च महिन्यात रोजगाराच्या मागणीसाठी दिल्लीत मोर्चा काढणाऱ्या अंध व्यक्तींवर पोलिसांनी लाठीमार केला. त्या घटनेने देशातील अनेकांना प्रथमच कळले की, अंध माणूस केवळ रस्ता ओलांडून देण्याची विनंती करीत नाही, तर नोकरीचा हक्कही मागतो.

नव्वदीच्या दशकात वेगवेगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचे लोक एका मागणीसाठी एकत्र आले. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे चाकाची खुर्ची वापरणारे जावेद आबिदी हे या चळवळीचे एक प्रमुख नेते होते. संसदेसमोर निदर्शने झाली आणि डिसेंबर १९९५ मध्ये अपंग व्यक्तींविषयीचा पहिला सर्वंकष कायदा संमत झाला. तो फेब्रुवारी १९९६ मध्ये अमलात आला. त्यानंतरचा लढा जनगणनेचा होता. १९८१ च्या जनगणनेत अपंगत्वाची नोंद घेतली गेली होती, १९९१ मध्ये ती गाळण्यात आली. ज्यांची संख्याच माहीत नाही, त्यांच्यासाठी पैसा कोणत्या हिशेबाने ठेवणार? संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि २००१ च्या जनगणनेत तो रकाना परत आला. त्या वेळी सुमारे २ कोटी १९ लाख आणि २०११ मध्ये सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. प्रत्यक्षात हा आकडा याहून मोठा असावा, असे मानणारे अनेक आहेत. कारण घरातील अपंग मुलीची नोंद करण्यास आजही कित्येक कुटुंबे संकोचतात.

मोर्चाने कायदा मिळतो, पण तो अमलात आणण्यासाठी वेगळ्या प्रकारची चिकाटी लागते. १९९५ च्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. ही टक्केवारी कशाची काढायची, यावर वाद होता. अपंगांसाठी योग्य म्हणून निश्चित केलेल्या मोजक्या पदांच्या आधारे ती काढली, तर जागा फारच थोड्या होत. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. स्वतः दृष्टिहीन असलेले ज्येष्ठ वकील संतोषकुमार रुंगटा यांनी तिची बाजू मांडली. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आरक्षण त्या संवर्गातील एकूण रिक्त पदांच्या आधारे मोजावे. या निकालामागे वर्षानुवर्षे जपलेल्या धारिका आहेत, भरतीच्या जाहिरातींची कात्रणे आहेत, न भरलेल्या पदांचा अनुशेष सांगणारे तक्ते आहेत. संस्थेची क्षमता असे जे म्हणतात, ते बरेचसे अशा कागदांत असते.

पाठगत प्रश्न
१. ‘अपंगांसाठी संस्था’ आणि ‘अपंगांची संस्था’ यांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. विनिपेगच्या परिषदेतून अपंग प्रतिनिधी वेगळे का झाले?
३. जनगणनेत अपंगत्वाची नोंद असणे संघटनांना महत्त्वाचे का वाटले?

कोल्हापूरची वाट

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात प्रथम आठवते ते नसीमा हुरजूक यांचे नाव. शाळकरी वयात खेळात रमणाऱ्या नसीमा यांना वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास कमरेखाली पांगळेपण आले. सर्व मार्ग बंद झाले असे वाटत असताना त्यांची बाबूकाका दिवाण या गृहस्थांशी भेट झाली. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरून आपला व्यवसाय सांभाळत होते. पांगळा माणूस दुसऱ्याला रोजगार देऊ शकतो, हे डोळ्यांसमोर दिसल्यावर उपदेशाची गरज उरली नाही. नसीमा यांनी शिक्षण पूर्ण केले, कोल्हापुरात केंद्रीय उत्पादनशुल्क व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. गायिका रजनी करकरे-देशपांडे याही या कामात आरंभापासून होत्या. त्यांनाही पोलिओमुळे अपंगत्व आलेले होते. नसीमा यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्रामुळे हे काम मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले.

या संस्थेने ‘घरौंदा’ हे वसतिगृह सुरू केले. पुढे अपंग आणि इतर मुले एकत्र शिकतील अशी शाळा काढली. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कॅलिपर तयार करणारी कार्यशाळा चालविली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ‘स्वप्ननगरी’ येथे काजूवर प्रक्रिया करण्याचा उद्योग उभारला. यांतील कार्यशाळेची गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. चाकाची खुर्ची वापरणाराच जेव्हा ती बनवितो, तेव्हा हात कोठे घासतो, चाक कोणत्या उंचीवर असावे, खडबडीत रस्त्यावर पुढचे लहान चाक कसे अडकते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वापरणाऱ्याचे ज्ञान हे खरे ज्ञान आहे, हे अशा ठिकाणी वादविवादाशिवाय सिद्ध होते.

नसीमा यांच्या नोकरीकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. सरकारी खात्यात काम करताना पावती, मंजुरी, नोंदवही, लेखापरीक्षण यांची सवय होते. सामाजिक संस्थांविषयी लिहिताना त्याग आणि जिद्द यांचे वर्णन भरपूर होते, हिशेबाच्या सवयीचे क्वचित. वास्तविक अनेक संस्था जिद्द असूनही हिशेब न ठेवल्यामुळे बुडाल्या आहेत.

पुरानी बस्तीतील एक मंडळ

आता एक उदाहरण कल्पनेने उभे करू. पुरानी बस्तीतील नऊ जण दर रविवारी एकत्र बसतात. त्यांत शिलाईकाम करणारी पोलिओग्रस्त तरुणी आहे, हार्मोनियम शिकविणारे दृष्टिहीन गृहस्थ आहेत, बोलू व ऐकू न शकणारा सुतार आहे, अपघातात पाय गमावलेला रिक्षाचालक आहे. एक माता आपल्या मतिमंद मुलीला घेऊन येते. इतर चौघे जण जवळच्या वस्त्यांतले आहेत. निवृत्तिवेतनाचे अर्ज, प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या, बसभाड्याची सवलत, अशा गोष्टींवर बोलता बोलता आपले एक मंडळ असावे असे त्यांना वाटू लागते.

पहिला प्रश्न जागेचा येतो. ओळखीच्या एका व्यापाऱ्याचे सभागृह फुकट मिळते, पण ते पहिल्या मजल्यावर आहे. रिक्षाचालकाला दोघांनी उचलून न्यावे, असे कोणीतरी सुचविते. तो नकार देतो. स्वतःच्या मंडळाच्या सभेला दुसऱ्याच्या खांद्यावरून जायचे असेल, तर मंडळ काढून काय मिळविले, असे त्याचे म्हणणे असते. सभा शेवटी एका घराच्या अंगणात भरते. उन्हाळ्यात ती सायंकाळी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न सुताराचा. तो नियमित येतो, हसून नमस्कार करतो आणि दोन तास गप्प बसून जातो. त्याच्या बाजूने मत कोण देते? त्याचा भाऊ. हे चालू द्यावे की नाही, यावर मंडळात वाद होतो. खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती दर वेळी मिळणे कठीण असते. मग असे ठरते की, सभेचे विषय आदल्या दिवशी त्याला लिहून द्यायचे, बोलणाऱ्याने त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलायचे आणि प्रत्येक ठरावावर हात वर करून मत घ्यायचे. मतिमंद मुलीच्या बाबतीत हा उपाय पुरा पडत नाही. तिच्या वतीने आईच बोलते. पण तिला काय आवडते आणि कशाची भीती वाटते, हे चित्रांच्या मदतीने आधी तिलाच विचारावे, अशी सूचना शिलाईकाम करणारी तरुणी करते.

संस्थेची क्षमता वाढविणे याचा अर्थ पुष्कळदा प्रशिक्षण शिबिर, बिल्ले आणि जेवण असा घेतला जातो. वरील दोन प्रश्न सोडविताना या मंडळाने जे केले, ते कोणत्याही शिबिरापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

नोंदणीसाठी छत्तीसगडात सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ लागू आहे. महाराष्ट्रात १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांनुसार कारभार चालतो. किमान सात सभासद, संस्थेचे नाव, उद्देश आणि नियमावली इतके असले की अर्ज करता येतो. नियमावलीत एक ओळ विशेष विचारपूर्वक लिहावी लागते. कार्यकारिणीतील किती जागा अपंग व्यक्तींच्या असतील? ही ओळ नसेल तर पाच-सात वर्षांनी, देणग्या येऊ लागल्यावर, वस्तीतील एखादे वजनदार गृहस्थ अध्यक्ष होतात आणि ‘ची’ पुन्हा ‘साठी’ होऊन जाते. ते गृहस्थ वाईट असतात असे नव्हे. त्यांना इंग्रजीत पत्र लिहिता येते आणि कार्यालयात त्यांना खुर्ची मिळते, एवढेच पुरेसे ठरते.

नोंदणीची घाई नसेल तर बचत गटापासून आरंभ करता येतो. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात अपंग व्यक्तींच्या गटासाठी किमान सदस्यसंख्या पाच ठेवली आहे आणि असा गट स्त्री-पुरुषांचा मिळून असू शकतो. हे अभियान गावांसाठी आहे. पण शहरातील मंडळालाही त्यातील तत्त्व घेण्यासारखे आहे.

आता पैशाविषयी. मंडळ दरमहा दहा रुपये वर्गणी ठरविते. दोघे जण ती माफ करावी असे सुचवितात, कारण सगळेच गरीब आहेत. तरीही वर्गणी ठेवली जाते आणि ते योग्यच होते. ज्या संस्थेला सभासदाने आपले दहा रुपये दिलेले असतात, त्या संस्थेला तो हिशेब विचारतो. हार्मोनियम शिकविणारे गृहस्थ कोषाध्यक्ष निवडले जातात. बँकेत खाते उघडताना तेथील कर्मचारी शंका काढतो की, दृष्टिहीन व्यक्ती धनादेशावर सही कशी करणार, तुम्ही दुसरा माणूस का निवडत नाही? मंडळापुढे येथे खरी परीक्षा उभी राहते. कोषाध्यक्ष बदलला तर खाते त्याच दिवशी उघडेल. न बदलल्यास चार फेऱ्या होतील. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सर्व बँकांना सूचना दिली आहे की, ग्राहक दृष्टिहीन आहे एवढ्या कारणावरून त्याला धनादेश-पुस्तिकेसारख्या सोयी नाकारू नयेत. ही सूचना मंडळातील कोणाला माहीत आहे काय? तिची प्रत मिळविणे, ती सोबत नेणे, शाखाधिकाऱ्यास नम्रपणे पण ठामपणे दाखविणे आणि सभेच्या ठरावाची प्रत पुढे ठेवणे, हे सर्व जमले तर त्या नऊ जणांची संस्था झाली असे म्हणता येते.

ठरावाची प्रत असण्यासाठी इतिवृत्त लिहिलेले असावे लागते. सभेचा दिनांक, उपस्थितांची नावे, विषय, झालेला निर्णय आणि तो कोणी अमलात आणायचा, इतके त्यात पुरे. कोण काय म्हणाले याची पाने भरू नयेत. पुढच्या सभेच्या आरंभी मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा आहे. इतर संस्थांत ती कंटाळवाणी औपचारिकता मानली जाते. ज्या मंडळात काहींना दिसत नाही व काहींना वाचता येत नाही, तेथे मात्र ते वाचन हाच सर्वांना समान माहिती मिळण्याचा एक मार्ग असतो. वही आणि रोकडपुस्तक चोख असले की, वर्षअखेर कार्यकारिणीची यादी व हिशेब निबंधकांकडे पाठविणे अवघड जात नाही.

दोन पत्रे

मंडळाला महानगरपालिकेच्या जवळच्या कार्यालयात उतरंड हवी आहे. पहिला मसुदा असा तयार होतो: ‘आम्ही गरीब व असहाय अपंग आपल्या चरणी विनंती करतो की, आमच्यावर दया करून उतरंड बांधून द्यावी. आपले उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.’ 

तो वाचल्यावर शिलाईकाम करणारी तरुणी दुसरा मसुदा लिहिते: ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४५ नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम्य करणे आवश्यक आहे. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. ही मुदत संपली आहे. आपल्या कार्यालयाच्या प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या असून उतरंड नाही. आमच्या मंडळाचे चार सभासद त्यामुळे आत येऊ शकत नाहीत. कामाचा आराखडा करताना आमच्या दोन प्रतिनिधींना बोलवावे. केलेल्या कार्यवाहीची माहिती तीस दिवसांत कळवावी, ही विनंती.’

दुसऱ्या पत्रात उद्धटपणा नाही, ‘विनंती’ हा शब्दही आहे. पण तेथे विशेषणांची जागा दिनांक, कलम आणि पायऱ्यांची संख्या यांनी घेतली आहे. ‘प्रतिनिधींना बोलवावे’ हे वाक्य तर सर्वांत महत्त्वाचे. उतार फार चढा झाला किंवा दोन्ही बाजूंना कठडा नसला, तर बांधलेली उतरंडही निरुपयोगी ठरते. अशी कामे नकाशावर पूर्ण आणि वापरात अपुरी राहतात, ती बहुधा वापरणाऱ्याला न विचारल्यामुळे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो. स्वतः दृष्टिहीन असलेले राजीव रातुरी यांनी सुगम्यतेविषयी केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, सुगम्यतेची मानके केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा निर्णय आहे आणि डिसेंबर २०२२ पासून तेथे स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. तरतूद असून पैसा अखर्चित राहतो किंवा घाईने भलत्याच वस्तूंच्या वाटपावर जातो, ही तक्रार जुनी आहे. ज्या गावात अंदाजपत्रक वाचू शकणारे अपंगांचे मंडळ असते, तेथे ग्रामसभेत प्रश्न विचारला जातो.

बाहेर कोण राहिले?

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. अपंगांशी संबंधित कायदे व धोरणे ठरविताना त्यांच्या प्रातिनिधिक संस्थांशी विचारविनिमय करावा, असे बंधन या कराराने सरकारांवर घातले आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यातही केंद्रीय सल्लागार मंडळावर अशा संस्थांचे दहा प्रतिनिधी असावेत, ते शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत आणि त्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे.

तथापि ‘प्रातिनिधिक’ हा शब्द संस्थांनाही प्रश्न विचारतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. अनेक संघटनांची कार्यकारिणी मात्र शहरातील, सुशिक्षित, पायाने अपंग किंवा दृष्टिहीन पुरुषांचीच राहिली. कर्णबधिर, मनोरुग्ण, बौद्धिक अपंगत्व असलेले, कुष्ठमुक्त आणि विशेषतः घराबाहेर न पडणाऱ्या अपंग स्त्रिया त्यांत फारशा दिसत नाहीत. छत्तीसगडमध्ये कुष्ठरोगाचा प्रश्न जुना आहे. बरे झालेल्या व्यक्तीच्या हातावर खुणा राहतात आणि त्या खुणांमुळे ती व्यक्ती अपंगांच्या मंडळातही मागच्या रांगेत बसते. ज्यांना समाजाने दूर ठेवले, त्यांनीही आपल्यातील कोणाला दूर ठेवावे, ही गोष्ट बोलण्यास अवघड आहे. म्हणून ती टाळली जाते.

नेतृत्वाच्या बाबतीतही असेच घडते. एका खंबीर व्यक्तीमुळे संस्था उभी राहते आणि वीस वर्षे त्याच व्यक्तीच्या सहीने चालते. किल्ल्या, ओळखी, पत्रव्यवहार सारे तिच्याजवळ. ती आजारी पडली की बैठकाही थांबतात. पुरानी बस्तीतील ते मंडळ म्हणून नियमावलीत लिहिते की, सचिवपद एका व्यक्तीकडे सलग दोनदाच राहील. तिसऱ्या वर्षी त्या पदासाठी सुताराचे नाव पुढे येते. तो मान हलवून नकार देतो. मग कागद मागवून घेतो आणि लिहितो की, सभेत खुणांची भाषा सर्वांनी थोडी तरी शिकली, तर विचार करीन. पुढील रविवारच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच नोंदविला जातो.

शब्दार्थ

इतिवृत्त – सभेच्या कामकाजाची लेखी नोंद. ठराव – सभेने मान्य केलेला निर्णय. निबंधक – संस्थांची नोंदणी करणारा अधिकारी. अनुशेष – भरावयाच्या राहिलेल्या पदांची किंवा कामांची शिल्लक. उतरंड – पायऱ्यांऐवजी बांधलेला उतरता मार्ग. सुगम्य – सर्वांना सहज पोहोचता व वापरता येईल असे. विषयपत्रिका – सभेत चर्चेस घ्यावयाच्या विषयांची यादी. धारिका – एका विषयाची कागदपत्रे एकत्र ठेवलेली फाइल.

स्वाध्याय

१. बँकेने शंका काढल्यावर मंडळासमोर कोणते दोन मार्ग होते? तुम्ही सभासद असता तर कोणता निवडला असता? कारणे द्या.
२. ‘वापरणाऱ्याचे ज्ञान हे खरे ज्ञान आहे’ हे विधान कोल्हापूरच्या कार्यशाळेच्या आधारे स्पष्ट करा.
३. पाठातील दोन पत्रांची तुलना करा. पहिल्या पत्रातील कोणते शब्द दुसऱ्या पत्रात गाळले आहेत आणि त्यांच्या जागी काय आले आहे?
४. पुढील शब्दसमूहांतील ‘साठी’ काढून षष्ठीचा प्रत्यय लावा व अर्थात पडणारा फरक सांगा: स्त्रियांसाठी मंडळ, मुलांसाठी वाचनालय, कामगारांसाठी वसाहत.
५. तुमच्या वस्तीतील टपाल कार्यालय, दवाखाना किंवा शाळा यांपैकी एका इमारतीस भेट द्या. पायऱ्या, दरवाज्याची रुंदी, स्वच्छतागृह यांची नोंद करा आणि संबंधित अधिकाऱ्यास निवेदन लिहा. शक्य असल्यास ही पाहणी एखाद्या अपंग व्यक्तीसोबत करा आणि निवेदनावर प्रथम तिची सही घ्या.
६. नऊ सभासदांच्या एका सभेचे इतिवृत्त दहा ओळींत लिहा. सभेचा विषय: सचिवाची निवड.